तक्रार नसलेला हापसा

बायकोचा राग मोजायला निघालो होतो, तो गाढवपणा आधी सांगून टाकतो. पुढचं सगळं त्याच्याच पोटातून निघालं.

नगरला एका मंगल कार्यालयात आमचं प्रशिक्षण होतं. आमची संस्था छोटी. जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, जामखेडकडच्या वाड्यावस्त्यांवर बंद पडलेले हापसे दुरुस्त करायचं काम. पण नव्वद सालानंतर अशी हवा आली, की नुसतं काम करून भागेना, कामाचं नियोजन कागदावर दाखवावं लागे. ते शिकवायला पुण्याहून एक तरतरीत प्रशिक्षक आले होते. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उद्दिष्ट'. त्याच्याखाली, 'मोजता येईल असा निर्देशक'. म्हणाले, "ताप उतरला हे कशावरून कळतं? थर्मामीटरवरून. तसा प्रत्येक उद्दिष्टाला एक थर्मामीटर पाहिजे." आम्हाला पटलं. मग म्हणाले, जेवायच्या आधी प्रत्येकानं आपल्या घरातलं एक उदाहरण करून वाचून दाखवा.

कुणी मुलाचं गणित सुधारायला घेतलं, कुणी स्वतःचं पोट कमी करायला. माझ्या पोटात भूक होती आणि डोक्यात विनोद. मी उभा राहिलो आणि वाचलं, "उद्दिष्ट, पत्नीचा राग कमी करणे. निर्देशक, स्वयंपाकघरात भांडी आपटण्याचा आवाज निम्म्यावर येणे."

हॉल हसला. प्रशिक्षक म्हणाले, "बघा, याला म्हणतात निर्देशक! कानाला ऐकू येतो, बोटावर मोजता येतो." टाळ्या पडल्या. मला टाळ्या पडण्याचे प्रसंग आयुष्यात फार आलेले नाहीत, त्यामुळे मी आजूबाजूला बघितलं नाही. बघितलं असतं तर आमच्या संस्थेच्या हिशेबनीस बाई दिसल्या असत्या. त्या आमच्याच गल्लीत राहत आणि बाजारच्या दिवशी माझ्या बायकोबरोबर भाजीला जात.

त्या बाजारानंतर आमच्या स्वयंपाकघरात शांतता पसरली. पातेलं असं खाली टेकायचं, जणू कापसाचं बनलंय. झाकणाचासुद्धा आवाज नाही. वरण मात्र अळणी यायला लागलं, आणि "चहा घेणार का?" हा प्रश्न मुलांच्या मार्फत यायला लागला. मी ऑफिसात ऐटीत सांगितलं, "आमचं उद्दिष्ट एका आठवड्यात साध्य!"

यावर शहाणा माणूस थांबला असता. मी तो निर्देशक कामावर नेला.

तोवर आमची पद्धत साधी होती. प्रत्येक वस्तीतल्या पाणी समितीकडं आमचा पत्ता छापलेली कार्डं दिलेली. हापसा बंद पडला की समितीच्या अध्यक्षानं सही करून कार्ड टपालात टाकायचं. कार्ड आलं की मेकॅनिकची गाडी निघायची. कार्ड नाही तर गाडी नाही. हा नियम मीच सुचवला होता, कारण एकदा ती गाडी ड्रायव्हरच्या सासुरवाडीला बोअर बघायला गेली होती.

प्रशिक्षणानंतर आमचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, नियोजनाला बसले. उद्दिष्ट ठरलं, 'भर उन्हाळ्यातही हापसे चालू राहावेत.' आता थर्मामीटर? वस्त्यावस्त्यांवर जाऊन रोज दांडा हापसून कोण बघणार? मी हात वर केला. "सर, कार्डं मोजू. हापसे नीट चालले तर तक्रारी कमी होणारच. तक्रारी निम्म्यावर आल्या की उद्दिष्ट साध्य."

सर खूष झाले. टाइप झालं. वर्ष भरलं की, ऐन उन्हाळ्यात, पैसे देणाऱ्या संस्थेकडून पुण्याहून एक बाई पाहणीला येणार आणि तक्रारी निम्म्यावर दिसल्या तर प्रकल्प पुढं चालू राहणार, असं ठरलं.

मग मी लुनावरून वस्त्यावस्त्यांवर हे समजावत फिरलो. दांड्याला मुलांना लोंबकळू देऊ नका, नट ढिले झाले की आवळा, ओट्यावर जनावरं बांधू नका. आणि शेवटी, माणसं लक्ष देऊन ऐकावीत म्हणून, म्हणायचो, "कार्डं कमी आली पाहिजेत बरं का. ढिगानं आली तर प्रकल्प बंद, गाडी बंद आणि मीसुद्धा घरी." सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, नट आवळण्यासाठी डोलवतायत.

कार्डं कमी झाली. नुसती कमी नाही, उन्हाळा चढला तशी आटलीच. सरांनी भिंतीवर आलेख लावला. त्याची रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. पेढे वाटले. रात्री जेवताना मी ही बातमी घरात जाहीर केली. बायकोनं पोळी वाढता वाढता, माझ्याकडं न बघता, भिंतीला विचारावं तसं विचारलं, "उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हाच हापसे जास्त मोडतात ना?"

"नियोजनातलं तुला कळायचं नाही," मी म्हणालो. पोळी ताटात पडली. आवाज न होता.

पाहणीच्या चार दिवस आधी मी फेरफटका मारायला निघालो. एका माळावरच्या वस्तीत बौद्धांची घरं आणि शेतकऱ्यांची घरं मिळून एकच हापसा होता. तिथल्या समितीच्या अध्यक्ष एक पोक्त बाई. सगळे त्यांना आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. वर्षभरात एकही कार्ड न आलेली ही आमची एकमेव वस्ती. सरांच्या आलेखात तिच्या नावापुढं लाल पेननं चांदणी होती.

हापश्याच्या दांड्याला शेळी बांधलेली होती. वर कुणाची तरी गोधडी वाळत होती. मला हापसे दुरुस्त करता येत नाहीत, पण चालू हापश्याच्या दांड्याला कुणी शेळी बांधत नाही, एवढं कळत होतं.

"आक्का, हापसा बंद आहे?"

"हाय की."

"कधीपासून?"

"पाडव्यापसून. आतला रॉड तुटलाय म्हनं. दांडा नुसता हालतोय, म्हाताऱ्याच्या दातावानी."

"मग कार्ड का नाही टाकलं?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच त्यांची परीक्षा घेतोय. "तुमीच सांगून गेल्ता न्हवं? कार्डं आली की भाऊ घरी. आमी म्हनलं, मानूस चांगला हाय, पोराबाळांचा हाय. उन्हाळाभर कळ काढू."

"अहो, पण पाणी?"

"वढ्यातल्या हिरीवरनं."

ती विहीर मी पाहिली होती. पायऱ्या केव्हाच ढासळलेल्या, दगडादगडाला धरून उतरायचं. मी काही बोलणार तेवढ्यात आक्कांची सून त्याच वाटेनं वर आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि पोट इतकं पुढं आलेलं की कळशी कमरेवर नीट बसत नव्हती. हंडा उतरवला आणि भिंतीला धरून ती हळूहळू खाली बसली.

"दिस भरल्यात तिचं," आक्का म्हणाल्या. "गेल्या खेपंला त्याच हिरीच्या दगडावरनं घसरली. सातवा सरत आला हुता. पोर हाती लागलं न्हाई. म्हनून तर हापसा मागितला हुता आमी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वस्तीचं तर आधीच पळालं होतं.

"टँकर तरी मागायचा!"

"तालुक्याला मागाया गेल्तो की. म्हनले, तुमचा हापसा चालू हाय, संस्थेच्या कागदावर तक्रारच न्हाई."

मी खिशातून कार्ड काढलं. "आक्का, मी लिहितो. तुम्ही फक्त सही करा. आज पाठवतो गाडी."

"न्हाई."

"का?"

"परवा-तेरवा ती पुन्याची बाई येनार म्हंता. तिनं कार्ड बघितलं तर? नोकरी गेल्यावर काय करनार तुमी? तुमाला खुरपं बी धरता येत न्हाई. मागं भुईमुगात उतरला हुता, तवा शेंगांपरीस बोटालाच जास्ती चिंध्या गुंडाळल्या हुत्या."

भोवती जमलेल्या बाया हसल्या. मी हात जोडले. "मी शपथेवर सांगतो, नोकरी जाणार नाही."

"शपथ घेतोय," मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी जानार बगा नक्की."

इतकी दयाळू माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत आणि इतकं हतबलही मला कधी वाटलं नाही. ज्यांचा घसा कोरडा ते माझी काळजी करत होते, आणि मी त्यांना तक्रार करा म्हणून गयावया करत होतो. आक्कांनी कार्ड घडी करून माझ्याच खिशात परत ठेवलं आणि वर त्याच कळशीतलं पाणी मला प्यायला दिलं. फडक्यातून गाळलेलं, तरी गढूळ. तो तांब्या मला संपवता येईना आणि खालीही ठेवता येईना.

नगरला येऊन तडक सरांकडं गेलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावर आम्हा सगळ्यांच्या चुली होत्या. ते म्हणाले, "बाईंना येऊन जाऊ दे. गाडी त्याच संध्याकाळी पाठवू."

"सर, त्या मुलीचे दिवस भरलेत."

"मग तिला दवाखान्यात न्या. आता एक कार्ड काढलं की लोक विचारतील, इतके दिवस हापसा बंद, तुम्ही होता कुठं? मग बाकीचं सगळंच उसवेल."

ड्रायव्हरकडं गेलो. तो म्हणाला, "कार्ड?" मी म्हणालो, "अरे, मी सांगतोय ना!" तो म्हणाला, "साहेब, नियम तुमचाच आहे." सासुरवाडीचा वचपा त्यानं असा काढला.

दुसऱ्या दिवशी मी पेट्रोल पंपावरच्या नळावर दोन कॅन भरले, लुनाला दोन बाजूंना बांधले आणि निघालो. एक कॅन खडीच्या रस्त्यावर फुटला. दुसरा वस्तीवर पोचला, पण तो घरातला रॉकेलचा होता, हे मला घाईत आठवलं नाही. आक्कांनी बूच उघडून हुंगलं. शेळीला दाखवलं. शेळीनंही तोंड फिरवलं. आक्कांची सून हसत सुटली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हसता हसता तिनं पोटाला हात लावला आणि गप्प झाली. मग हंडा उचलून पुन्हा ओढ्याकडं निघाली. मी तिच्या मागं गेलो, हंडा मागितला. म्हणाली, "लोक काय म्हंतील, भाऊ?" आणि दिला नाही. ती दगडांना धरून खाली उतरेपर्यंत मी वर उभा होतो, आणि ती वर येईपर्यंत मला घाम फुटला होता. उभं राहण्यापलीकडं माझा काही उपयोग नव्हता.

पाहणीच्या दिवशी पुण्याच्या बाई आल्या. साधी सुती साडी, पायात जाड चपला, बोलणं थोडकं. सरांनी त्यांच्यासाठी रस्त्यालगतची दोन गावं काढून ठेवली होती. बाईंनी चहा घेतला, आलेख बघितला आणि लाल चांदणीवर बोट ठेवलं. "इथं वर्षभरात एकही तक्रार नाही? मला हीच वस्ती बघायची आहे."

"रस्ता फार खराब आहे, बाई," सर म्हणाले.

"मला सवय आहे."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. भिंतीवर माझा आलेख.

जीप वस्तीवर पोचली आणि मी डोळे चोळले. शेळी नाही, गोधडी नाही. हापश्याला जयंतीच्या उरलेल्या निळ्या पताका बांधलेल्या, दांड्याला तेलाचं बोट, कुणी तरी हळदकुंकूही लावलेलं. आणि ओटा ओला! नुसता ओला नाही, पाण्याची धार ओट्यावरून मातीत उतरलेली, डबकं साचलेलं, त्यात चिमण्या अंघोळ करतायत. क्षणभर मला खरंच वाटलं, रॉड आपोआप जुळला. मग माझं लक्ष आक्कांच्या सुनेकडं गेलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पाय घोट्यापर्यंत ओढ्याच्या चिखलानं माखलेले.

त्यांनी पहाटेपासून विहिरीतून पाणी आणून ओट्यावर ओतलं होतं. माझ्या नोकरीसाठी.

"हापसा कसा काय चालतो?" बाईंनी विचारलं.

"झ्याक," आक्का म्हणाल्या.

"काही तक्रार?"

"काय बी न्हाई. आमचे भाऊ लई लक्ष देत्यात."

बाई लिहू लागल्या. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र तो ओला ओटा बघवेना. मी पुढं झालो, दांडा धरला आणि हापसायला लागलो. खडाक, खडाक. लोखंडाचा रिकामा आवाज माळावर घुमला.

"अवो भाऊ, दमानं!" आक्का ओरडल्या. "जरा येळ लागतोय त्याला. येतंय, येतंय."

मी हापसत राहिलो. खडाक, खडाक. घामानं सदरा भिजला. आक्का पदराआड तांब्या लपवून हापश्याच्या मागं गेल्या आणि तोटीच्या तोंडाशी तांब्या कलता करून पाणी सोडलं. धार पडली. त्या दिवशीच्या म्हातारीनं टाळी वाजवली. "आलं! आलं!" मी दांडा सोडला, तरी धार चालूच.

बाई बघत राहिल्या.

"आक्का, बास," मी म्हणालो. मग बाईंना सांगितलं, "पाडव्यापासून बंद आहे. यांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार करू नका असं मीच सांगून गेलो. म्हणजे म्हणालो वेगळं, पण झालं तेच."

बाईंनी वही मिटली. ओल्या ओट्यावर पाणी चुकवत त्या टेकल्या. विचारलं, "हे पाणी कुणी आणलं?"

सगळ्यांची नजर दाराकडं, त्या चिखलाच्या पायांकडं गेली, आणि बाईंचीही गेली.

"गाडी बोलवा," त्या सरांना म्हणाल्या. "माझी जीप न्या. गाडी घेऊनच परत या."

गाडी आली. ड्रायव्हरनं कार्ड मागितलं नाही. तीन पायांचा लोखंडी घोडा उभा राहिला, पाईप वर ओढले गेले, तुटलेला रॉड बाहेर आला. दिवस मावळायच्या आत हापश्यानं आधी लाल, मग स्वच्छ पाणी टाकलं. आक्कांच्या सुनेनं पहिली कळशी भरली आणि ती कळशी तिच्या हातून आक्कांनी काढून घेतली. पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती हार घालून मिरवली असती. पण झालं असं, की आक्कांच्या वस्तीवर गाडी आल्याची बातमी माळावरून पसरली. 'तक्रार केली तर भाऊचं काय वाकडं होत न्हाई' असं लोकांनी आपापसात ठरवलं, आणि सगळ्या वस्त्यांनी इतके दिवस दाबून ठेवलेली कार्डं एकदम टपालात टाकली. पोस्टमन पिशवी उपडी करून गेला. उरलेला उन्हाळाभर गाडी रिकामी उभी राहिली नाही. आणि भिंतीवरची रेघ, जी घसरगुंडीसारखी खाली आली होती, ती थेट छताकडं निघाली.

पुण्याच्या बाईंनी अहवालात वस्तीबद्दल चांगलं लिहिलं. पण प्रकल्पाचा कागद ज्यांच्या हातात होता, त्यांनी पाहिलं ते टाइप केलेलं वाक्य. तक्रारी निम्म्यावर यायच्या होत्या, झाल्या दुपटीपेक्षा जास्त. उद्दिष्ट साध्य नाही. प्रकल्प दिवाळीपर्यंत. गाडी विकायची, मेकॅनिक घरी, मी घरी. सरांनी मला आत बोलावून हे सांगितलं आणि स्वतःच रुमाल काढला. म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात हापसे मोडले तर कार्ड कुणाला टाकतील रे?"

दिवेलागणीला घरी आलो. चप्पल काढायचंही भान नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. शेळी, रॉकेलचं पाणी, ओला ओटा, आक्कांचा तांब्या, दिवाळीनंतरची पंचाईत. ती कणीक मळत होती. सांगता सांगता मला जाणवलं, की आमच्याही घरात कित्येक महिन्यांत एक भांडं वाजलेलं नाही, आणि त्या काळात मी तिला काहीही विचारलेलं नाही.

माझं बोलणं संपल्यावर तिनं परात उचलली आणि ओट्यावर अशी आदळली, की शेजारच्या हिशेबनीस बाईंच्या खिडकीतला दिवा लागला.

"उद्यापासून परत आपटणार आहे," ती म्हणाली. "पण ऐकू आलं की बाहेर मोजत बसायचं नाही. आत येऊन विचारायचं, काय झालं म्हणून."